बाईंची वीतभर पायरी

मी एक जुनी लाकडी पायरी आहे, पण माझ्या मागेपुढे जिना नाही. मी एकटीच. वर एक रुंद फळी, खाली चार आखूड पाय आणि उंची जेमतेम वीतभर. उचलावी, न्यावी, हवी तिथे ठेवावी. माणसे एकमेकांवर चिडली की म्हणतात, 'आपली पायरी ओळखून राहा.' मी माझी पायरी जन्मापासून ओळखून आहे, त्यामुळे माझे बरे चालले आहे. माझ्यावर कुणी पाय दिला तर मला राग येत नाही. आठवडाभर कुणीच दिला नाही, तर मात्र येतो.

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्यावर चढता, नळाखाली ओंजळ धरता, पोटभर पाणी पिता आणि टुणकन उडी मारून पळता. ही पायरी कुठली, कुणाची, असे आजवर कुणी विचारले नाही. म्हणून आज मीच सांगते. माझ्या गोष्टीत एक फार वाईट दिवस आहे. तो मी गाळणार नाही, पण तेवढा सोडला तर माझे आयुष्य चांगलेच गेले, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका मोडक्या बाकापासून झाला. गणिताच्या वर्गात शेवटून दुसऱ्या रांगेत तो बाक होता. बसणाऱ्यांनी घासून घासून त्याला आरशासारखे गुळगुळीत केले होते आणि एके दिवशी त्याचे दोन पाय एकदम गेले. त्याच वर्गात गणित शिकवणाऱ्या बाई उंचीला फार कमी होत्या. टाचा उंचावल्या तरी त्यांचा हात फळ्याच्या वरच्या कडेपासून वीतभर खालीच थांबायचा. त्यामुळे सगळी गणिते फळ्याच्या खालच्या भागात दाटीवाटीने बसायची आणि मागच्या मुलांना पुढच्यांची डोकीच दिसायची. शाळेच्या सुतारकाकांनी हे बरेच दिवस पाहिले. मग त्यांनी बाकाची फळी कापली, तिला चार पाय ठोकले आणि मला बाईंच्या पुढ्यात ठेवून, आता वरपासून लिहा, असे सांगितले. बाई चढल्या आणि त्यांनी फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिली. माझ्यावर पडलेले ते पहिले पाऊल.

सुतारकाकांनी एक गोष्ट मात्र बाईंपासून लपवली. फळीच्या एका बाजूला कुणीतरी कर्कटकाच्या टोकाने एक ओळ कोरून ठेवली होती: 'बाई बुटक्या आहेत.' काकांनी ती वाचली, मिशीतल्या मिशीत हसले आणि ती बाजू गुपचूप जमिनीकडे केली. ती ओळ तेव्हापासून माझ्या पोटाशी आहे.

ओळ कोरणाऱ्याचे नाव तुम्हाला सांगायला हवे. त्याला सगळे बावीस म्हणत. गणितात त्याला शंभरापैकी बावीस गुण मिळाले होते, आणि तेही लागोपाठ तीन वर्षे. बाई त्याला म्हणायच्या की तुझे बाकी काही असो, सातत्य वाखाणण्यासारखे आहे. खोडी काढतानासुद्धा त्याने 'बाई बुटक्या आहेत' असेच लिहिले, 'बाई बुटकी आहे' असे लिहिले नाही. मुलगा तसा वळणाचा होता.

बाईंची आणखी एक सवय लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. वह्या तपासताना त्या लाल पेन्सिल वापरत आणि प्रत्येक बरोबरच्या खुणेखाली त्या दिवसाची तारीख घालत. तुम्हाला ही गोष्ट कोणत्या दिवशी जमली, ते तुम्हाला कळायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. हजार वह्या असल्या तरी हजार तारखा पडायच्या.

बाई आणि त्यांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत, शहराच्या वरच्या वस्तीत राहायच्या. तिथे साऱ्या चढाला मिळून एकच नळ होता. पहाटेपासून बादल्यांची रांग लागायची आणि त्या रांगेत बाईही उभ्या असायच्या. एकदा त्यांनी घरे किती, माणसे किती, पाणी किती, याचा हिशेब मांडला आणि सुट्टीच्या दिवशी फळा घेऊन थेट नगरपालिकेच्या फाटकाशी गेल्या. मलाही नेले. मी खाली, बाई वर, आणि भोवती हळूहळू जमणारी माणसे. एवढे पाणी येते, एवढे हवे, मधले कुठे जाते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर कुणालाच देता आले नाही. पुढच्या आठवड्यात गर्दी दुप्पट झाली. असे करता करता बाई निवडून आल्या, आणि आणखी काही वर्षांनी साऱ्या शहराच्या प्रमुख झाल्या. गणिताच्या तासाने पुढारी झालेली दुसरी बाई मला ठाऊक नाही.

त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून कोण आला, ते तुम्ही ओळखले असेलच. बावीस आता चाळिशीला आला होता, पोट थोडे सुटले होते, पण बाईंसमोर उभा राहिला की अजून नापास झाल्यासारखा दिसायचा. मला गाडीच्या डिकीत जागा मिळाली. सभेच्या ठिकाणी तो सर्वांच्या आधी पोचायचा, मला पोडियमच्या मागे ठेवायचा, स्वतः चढून दोन्हीकडे डोलून बघायचा, माझा पुढचा डावा पाय किंचित आखूड आहे म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचा आणि शेवटी रुमालाने मला पुसायचा. चढायचे, डोलायचे, पुसायचे. अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. पोडियमला पुढून कापड असल्यामुळे मी कुणाला दिसत नसे. एका वर्तमानपत्राने लिहिले होते की भाषणाला उभ्या राहिल्या की बाईंची उंची आपोआप वाढते. गाडीत ते वाचून दोघे इतके हसले की बावीसने गाडी बाजूला घेतली. वीतभर वाढते, हे त्या पत्रकाराला कुठे माहीत!

बावीस मला बाईंच्या हातात मात्र कधी देत नसे. राहू द्या बाई, मी घेतो, म्हणत पुढे धावायचा. बाईंना ते सौजन्य वाटायचे. खरे कारण माझ्या पोटाशी होते. बाईंनी मला उलटे केले तर आपले काही खरे नाही, अशी धास्ती त्याने अकरा वर्षे बाळगली.

आता तो दिवस.

वरच्या वस्तीसाठी टेकडीवर पाण्याची मोठी टाकी बांधून झाली होती. सकाळी दहाला बाई तिथे बोलणार होत्या आणि मग घराघरांत पाणी सुटणार होते. आठच्या सुमाराला बाई निघायच्या तयारीत स्वयंपाकघरात डोकावल्या, तर आक्का पालथ्या बादलीवर उभी राहून खिडकीचा पडदा लावत होती. साठीच्या पुढची, गुडघ्याने अधू. बाईंनी तिला खाली उतरवले आणि तशाच बाहेर आल्या. बावीस कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला गेला होता. बाईंनी डिकी उघडली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताने उचलले.

अंगणात त्यांनी मला उलटे केले. पाय पक्के आहेत ना, आक्का पडणार तर नाही ना, एवढेच त्यांना पाहायचे होते. त्यांनी ती ओळ वाचली. क्षणभर काही कळले नाही. मग अक्षर ओळखले आणि त्या हसायला लागल्या. किती हसल्या म्हणून सांगू! चष्मा काढून डोळे पुसले. पर्समधून लाल पेन्सिल काढली आणि माझ्या पोटावर काहीतरी लिहिले. पेन्सिलच्या टोकाने मला गुदगुल्या झाल्या, एवढेच मला त्या वेळी कळले.

आत येऊन त्यांनी मला खिडकीखाली ठेवले. आक्काने विचारले, "अगं, भाषणाला लागेल ना ही?"

"आज नको," बाई म्हणाल्या. "त्या लोकांनी मला बादली घेऊन रांगेत उभी बघितलंय, माझी उंची त्यांना पाठ आहे. आज मी पुढे येऊन बोलणार. तू आधी त्या बादलीवर चढणं बंद कर."

निघताना दारातून वळून, संध्याकाळी बावीसची जरा गंमत करायची आहे, असेही म्हणाल्या. गाडी निघून गेली. आक्का माझ्यावर चढली आणि तिने पडदा लावला.

टेकडीवर काय झाले ते मला नंतर घरात बोलणाऱ्या माणसांकडून कळले. पोडियमच्या पुढे येऊन बाईंची चारच वाक्ये बोलून झाली होती. गर्दीतून एक माणूस पुढे आला आणि त्याने दोन गोळ्या झाडल्या. दवाखान्यात नेईपर्यंत बाई गेल्या होत्या. तो माणूस तिथेच पकडला गेला. त्याला कुणी पाठवले होते की राग त्याच्या एकट्याच्या डोक्यात होता, यावर कोर्टात तीन वर्षे वाद चालला. त्याला शिक्षा झाली. त्याच्याबद्दल मला याहून जास्त सांगायचे नाही.

घर माणसांनी भरून गेले. बूट, चपला, भाड्याच्या खुर्च्या, फुले, कॅमेरे. शहरातली दुकाने बंद झाली, चौकाचौकांत पोलीस उभे राहिले. दुसऱ्या दिवशी काही लोकांनी दगड हातात घेतले. ते ऐकून आक्का गर्दीसमोर गेली आणि म्हणाली, हिने आयुष्यात एक काच फोडली नाही, हिच्या नावाने कुणी फोडायची नाही. आक्का मोठ्याने बोलणारी नव्हती, पण ते ऐकले गेले. चौथ्या दिवशी टाकीवरच्या फिटरने कुणालाही न विचारता पाणी सोडले. साहेबांनी जाब विचारला तेव्हा तो म्हणाला की बाई असत्या तर उशिराबद्दल मला नापास केले असते. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळालाही पाणी आले. आक्का ते वाहते पाणी बघत कितीतरी वेळ माझ्यावर बसून राहिली.

मग पाहुणे गेले, खुर्च्या गेल्या. रस्त्यांना बाईंचे नाव मिळाले. मी खिडकीखाली राहिले. आक्का रोज सकाळी माझ्यावर चढून पडदा सारायची, संध्याकाळी ओढायची. काम थोडे, पण रोजचे. कामापुरती मी समाधानी होते. एक गोष्ट मात्र सलत होती. पडदा सारताना आक्का भिंतीला हात टेकून थबकायची, आणि तिच्या मनात काय चालले असेल ते मला पायांवरून कळायचे. मी त्या दिवशी टेकडीवर असते, बाई नेहमीसारख्या पोडियमच्या मागे असत्या, तर? मलाही तेच वाटे.

आणि बावीस? त्याने ती नोकरी सोडली, मालट्रक चालवायला लागला आणि आमच्या घराकडे फिरकला नाही. आक्काला वाटे, तो आपल्यावर नाराज आहे. पायरी आपल्यामुळे घरी राहिली हे त्याला कळले असणार. सात वर्षे दोघे एकाच शहरात राहून एकमेकांना चुकवत होते.

सात वर्षांनी बाईंचा पुतळा उभारायचे ठरले. समितीला तो बारा फुटांचा हवा होता, वर उंच चौथरा. शिल्पकार मात्र चिकित्सक निघाला. त्याने बाईंचे शंभरेक फोटो पसरले आणि त्याच्या लक्षात आले की सभेतल्या बाई रस्त्यावरच्या बाईंपेक्षा वीतभर उंच आहेत. त्याने जुना ड्रायव्हर शोधून काढला. बावीस म्हणाला, मला काही ठाऊक नाही, आक्कांना विचारा. शिल्पकार म्हणाला, मग चला की बरोबर. असा तो सात वर्षांनी आमच्या दारात आला, अवघडून, कडेकडेने.

आक्काने दोघांना स्वयंपाकघरातच बसवले. बावीसची नजर खिडकीखाली गेली आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"ही इथं कशी?"

"कुठं असणार?" आक्का म्हणाली. "त्या सकाळपासून इथंच आहे."

बावीस खुर्चीवरून उठला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसला. मग त्याने जे सांगितले ते मलाही नवे होते. टेकडीवर त्याने डिकी उघडली तेव्हा मी नव्हते. आदल्या दिवशीच्या सभागृहात आपण पायरी विसरलो, असे त्याला वाटले. त्याने लांबून बाईंना रिकामे हात दाखवले. बाई हसल्या आणि राहू दे, अशी खूण करून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. नंतर त्या सभागृहात तो चार वेळा जाऊन आला. तिथे कुणालाच काही माहीत नव्हते.

"मी विसरलो म्हणून त्या पुढे आल्या, आक्का," तो म्हणाला. "अकरा वर्षांत एकदाच विसरलो."

आक्काने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. नंतर म्हणाली, "तू सात वर्षं हे घेऊन हिंडलास? आणि मी इथं बसून म्हणतेय, मी तो मेला पडदा त्या दिवशी काढला नसता तर." तिने त्याला सगळे सांगितले, बादलीपासून दारातल्या शेवटच्या वाक्यापर्यंत. "तिनं स्वतः ठरवलं होतं रे. ती मागं उभी राहिली असती तर वाचली असती की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण गोळी त्यानं झाडली. तू नाही, मी नाही, आणि या लाकडानं तर नाहीच."

बावीस मान हलवत राहिला. तुम्ही माझे मन राखायला सांगताय, असे तो म्हणाला. बोलता बोलता जुन्या सवयीने त्याने माझ्या डाव्या पायाला हात लावला, तो हलतो का ते पाहिले, आणि खिळा बघायला मला उलटे केले.

सात वर्षांत मला कुणी उलटे केले नव्हते. तिथे ऊन पोचत नाही, फडके पोचत नाही. त्याची ती ओळ तशीच होती, आणि तिच्यापुढे लाल पेन्सिलने बरोबरची मोठी खूण होती. खाली तारीख होती. त्याच दिवसाची.

बावीसने तारखेवरून बोट फिरवले, दोनदा. आक्काने चष्मा लावून वाकून पाहिले. शिल्पकाराला काही कळत नव्हते, तरी तो उठून उभा राहिला. बाईंनी त्या सकाळी मला स्वतःच्या हातात घेतले होते, ती ओळ वाचली होती, आणि हसत हसत मला घरी ठेवून गेल्या होत्या. आता यात कुणी कुणाचे मन राखायचे काही उरले नव्हते.

"आक्का," बावीस म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना, हसूही आवरेना, "बाईंनी मला आयुष्यात पहिल्यांदा बरोबर दिलं."

त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत थांबला. जाताना माझा पाय ठोकून नीट बसवला आणि मला रुमालाने पुसले.

पुतळा बाईंच्या खऱ्या उंचीचा झाला. समिती कुरकुरली, पण शिल्पकार हटला नाही आणि आक्का तर मुळीच हटली नाही. टाकीच्या फाटकाशी बाई चौथऱ्याशिवाय, जमिनीवर उभ्या आहेत, रांगेत उभ्या असायच्या तशा. तुमच्यातली सातवीतली मुले त्यांच्या खांद्याला खांदा लावून उंची मोजतात, ते मला ऐकून माहीत आहे. मला काचेच्या पेटीत ठेवायचा बेतही होता, खाली पितळी पाटी वगैरे. आक्का म्हणाली, पायरीवर पाय पडायला हवेत. तिने स्वतःसाठी पडद्याला खालून ओढायची दोरी बसवून घेतली आणि मला तुमच्या शाळेत, या उंच नळाखाली पाठवले. नळाला पाणी त्याच टाकीचे आहे.

इथे मी सुखात आहे. दर शनिवारी मधल्या सुट्टीत एक पोट सुटलेले, पिकल्या केसांचे गृहस्थ येतात, माझ्यावर चढतात, दोन्हीकडे डोलतात आणि मला पुसतात. तुम्ही त्यांना हसता. हसा, पण त्यांना नळापाशी जागा द्या. सुट्टी संपली की ते वर आक्काकडे जातात.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. पाणी पिऊन झाले की नळ घट्ट बंद करा, तो रांगेत उभे राहून मिळवलेला आहे. माझ्यावरून उडी मारताना माझा पुढचा डावा पाय जरा सांभाळा. आणि कधी एखादी चूक आपलीच होती असे वाटून आत सलायला लागले, तर ती घेऊन एकटे हिंडू नका. ज्याला ठाऊक असेल त्याच्या दारात लवकर जा, सात वर्षे लावू नका.

आणि आज एकदा मला उलटे करून बघा. दोघांनी मिळून धरा, मी दिसते त्यापेक्षा जड आहे. कोरलेली ओळ वाचा, तिच्यापुढची लाल खूण बघा, तारीख बघा. मग मला सरळ ठेवा, कारण रांगेत तुमच्यामागे कुणीतरी तहानलेले उभे असेल.